देवघरातली धनुष्यवाली

सुमनताई, गुडघा कसा आहे आता? उंद्रीचे भाऊजी, शुगर आटोक्यात आहे ना? जळगाव जामोदच्या मैत्रिणींनो, खोकला गेला का? आम्ही खामगावात बरे आहोत... फक्त माझं डोकं गरगरतंय.

परवा सकाळी देवघर आवरताना देवीची तसबीर हातातून निसटली, काच तडकली. धनुष्य ताणून उभी असलेली देवी... लग्न होऊन आले तेव्हापासून रोज हळदकुंकू लावतेय. काचेवर थर इतका चढला की चेहराच दिसेना.

बाजारात फ्रेमवाल्या रफिकभाईंकडे नेली. त्यांनी चौकटीतून चित्र काढून मऊ फडक्याने पुसलं आणि माझ्यासमोर सरकवलं. मी वाकून पाहिलं... गोरी बाई, लांब झगा, मी आजवर मुकुट समजत होते ती डोक्यावरची हॅट. चौकटीखाली झाकलेल्या कडेला दोऱ्याचं रीळ छापलेलं, शेजारी इंग्रजी अक्षरं. नातवंडांच्या पुस्तकांवरून शिकलेय तेवढी, जुळवून वाचली... कंपनीचं नाव. जाहिरातीचं कार्ड हो. तिरंदाजी खेळणारी मडम.

रफिकभाई हळूच म्हणाले, काच नवी लावून देतो काकू, पुढचं तुम्ही पाहा.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणतात, "म्हंजे इतके वर्षं आपण रिळाले नैवेद्य दाखवला का वं?" आणि पोट धरून हसले.

मला कुठलं हसू... सासूबाई नव्वदीच्या, खाटेवर. त्या तसबिरीकडे पाहिल्याशिवाय चहा घेत नाहीत, त्या दिवशीही कप तसाच पडलेला. त्यांना काय सांगू? या वयात त्यांची देवी काढून घेऊ?

शेवटी न बोलता तसबीर हातात दिली. त्यांनी हॅटवरून बोट फिरवलं.

"देवी कोन म्हटलं इले? रिळाच्या डब्यात निघाली होती, मी हौसेनं चौकट करून भितीले टांगली. तू नवी नवरी, आल्या आल्या कुंकू लावून देवघरात ठेवली... मंग काय बोलू तुले?"

मग चहा कशाला अडवून ठेवला, विचारलं.

"सारी जिंदगी शिवनमशीनवर वाकून गेली माही. इले पाह्यलं का पाठ सरळ होते."

तसबीर परत जागेवर आहे. आज सकाळी कुंकवाचं बोट घेऊन समोर उभी राहिले... लावू की नको, काही कळेना. पाठ मात्र आपसूक ताठ झाली होती, खरं सांगते.

तुम्ही काय केलं असतं? लवकर लिहा गं... कुंकू अजून बोटावरच आहे.