रविवारी तिनं कुठं जायचं

आमच्याकडं राहून काम करणाऱ्या बाईला रविवारी पूर्ण सुट्टी असते, हे मी कुणी विचारलेलं नसताना सांगायचो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलेलं आठवतं. चोवीस तासांची बाई ठेवलेली तीन-चार घरं माझ्या ओळखीत होती. तिथं सुट्टी हा शब्दच कुणी काढत नसे. मी टॉवेलच्या कारखान्यात कामगार विभागात नोकरी केलेला माणूस. दुसऱ्यांच्या हजेऱ्या, रजा, साप्ताहिक सुट्ट्या यांतच माझी उमेदीची वर्षं गेली. तेच नियम आपल्या घराला लावणारा मीच एकटा, असा माझा ताठा होता. त्या सुट्टीत तिनं जायचं कुठं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. सुट्टी दिली की माझं काम संपलं, असं समजत होतो.

ती झारखंडकडची. घरकामाला बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत आली होती. वय पस्तिशीच्या पुढं, नवरा वारलेला, मुलगी गावाकडं भावाजवळ. सोलापुरात तिचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती आणि डोक्यानंही ती पूर्वीची राहिली नव्हती. आईचं माहेर सांगोल्याकडचं, हिंदीचा गंध नाही. त्यामुळं या बाईला मराठी आली ती थेट आईच्या तोंडची.

"ए बाय, कुटं उलथलीस गं?" आई खाटेवरून हाक मारायची.

"हितंच हाय की आजी. तुमाला टाकून कुटं जातीय मी?"

"भाकर करपली वाटतं."

"भाकर न्हाय करपली. तुमचं नाक करपलंया."

मग दोघी हसायच्या. माझी आई माझ्याबरोबर तशी हसल्याचं मला आठवत नाही.

सुरुवातीचे काही रविवार ती घरातच होती. मी म्हणायचो, आज हात लावायचा नाही कशाला. पण घरात तिचा आवाज आला की आई माझ्या बायकोच्या हातचा घास घेत नसे. तोंड घट्ट मिटायची आणि हाका मारत राहायची. दोन-तीन हाका झाल्या की बाई उठून जायचीच. तेव्हा मी ठरवलं, रविवारी दहाला तिनं डबा घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी सहाला यायचं. म्हणजे तिलाही सुट्टी खरी मिळेल.

लोकांना मी सांगायचो ते इतकंच. पुढचं कधी सांगितलं नाही.

जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट हॉल, स्वयंपाकघर नि एका खोलीचा. आईच्या आजारपणानंतर बायकोला नि मला भांडायलासुद्धा जागा राहिली नव्हती. एकदा ती स्वयंपाकघरात मिक्सर चालू करून रडली. मला म्हणाली, "आठवड्यातनं एक दिवस तरी माझं घर मला दे. परक्या बाईसमोर किती दिवस हसतमुख राहू?" तिचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. आणि मला? मला बनियनवर हॉलमध्ये लोळायचं होतं. खरं सांगायचं तर एवढंच. त्या बाईला घराबाहेर काढायचं होतं, आणि काढण्याला मी सुट्टी म्हणत होतो.

पहिले काही रविवार ती खाली पार्किंगमध्ये जिन्याखाली बसली. वॉचमन चाचांनी तिला आपली खुर्ची दिली. मग पहिल्या मजल्यावरचे एकजण मला म्हणाले, "तुमची बाई दिवसभर खाली बसून असते, बरं दिसत नाही हो." बरं दिसत नाही हे मलाही पटलं. मी तिला सांगितलं, जरा शहर बघ, सिद्धेश्वराच्या देवळात जा, तळ्याकाठी बस. ती "व्हय" म्हणाली. तेव्हापासून ती रविवारी फाटकाबाहेर जायची नि सहाला परत यायची. कुठं गेली होतीस, असं आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही. तिच्या खासगी आयुष्यात लक्ष घालायचं नाही, हाही माझा एक नियम होता.

मग मे महिना आला. इथलं ऊन इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी नळाखाली हात धरवत नाही, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं येतं. एका शनिवारी ती आईच्या पायांना तेल चोळत होती. मी दारातून जात होतो, तर म्हणाली, "दादा, उद्या मी जाऊ नगं काय? लई ऊन हाय."

"घरात राहिलीस की आई तुला सोडते का?"

"गॅलरीत बसते. आवाज करत न्हाय. आजीला कळायचंबी न्हाय."

"गॅलरीतपण ऊन येतंच की."

"मग बाहेर काय सावली शिवून ठेवलीया व्हय?"

मी हसलो. चांगलं उत्तर होतं, हसलोच. आतून बायको म्हणाली, "राहू दे की एखादा रविवार." बायकोनं तिचा हक्काचा रविवार सोडून द्यायची तयारी दाखवली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. नको म्हणालो तो मी. "एकदा राहिली की पुन्हा नियम लागत नाही," असं काहीतरी बोललो. कारखान्यात बोलायचो तसं. आणि माझी छत्री काढून तिच्या हातात दिली. छत्री दिली म्हणून मला बरंही वाटलं.

रविवारी आम्ही आमरस-पुरी केली. खिडक्या लावून, कूलर लावून झोपलो. झोपायच्या आधी बायकोनं बाईच्या वाटणीचा रस झाकून फ्रिजमध्ये ठेवला.

सहा वाजून गेले. उजेड मावळायला आला तरी ती आली नाही. फोन लावला तर तो आईच्या खोलीतच वाजला, चार्जिंगला लावून विसरली होती. मी खाली गेलो. चाचा म्हणाले, "साब, वो तो दवाखाने में बैठती."

"दवाखान्यात? कशाला?"

"मेरी औरत को भरती किये थे ना, तब देख्या मैं. पेशंट के लोगां बैठते ना पत्रे के नीचे, वहाँ बैठती. डबा खाती, सोती."

"पण तिथंच का?"

"और कां बैठती? देवळ में दोपहर को उठाते, टेसन पे तिकीट पूछते. दवाखाने में कोई किसी को पूछता नै, तू कौन करके." मग म्हणाले, "आप को नै मालूम था?"

त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. त्यांचा यात काही दोष नाही. आवारात नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. माणसं सतरंज्यांवर, पुठ्ठ्यांवर पडली होती. बाटल्या, स्टोव्ह, वाळत घातलेली लुगडी. कडेला ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, तोंडावर पदर. हात लावला तर अंग कोरडं आणि तव्यासारखं. हाक मारली, ती डोळे उघडेना.

शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "तुमचीच हाय व्हय? आमाला वाटलं झोपलीया. रातभर पेशंटाजवळ जागतंय मानूस, दुपारचं पडतंय. कोन उठवतंय? कुटल्या वारडात हाय तिचं मानूस?"

मी आतून स्ट्रेचर आणायला पळालो.

डॉक्टर पोरगेलेसे होते. बर्फाच्या पिशव्या लावता लावता विचारत होते, "किती वेळ उन्हात होत्या? घरी पंखा, कूलर काही आहे का?"

"कूलर आहे," मी म्हणालो.

"मग अशा उन्हात बाहेर कशाला?"

"सुट्टी होती तिची. मैत्रिणीकडं गेली होती."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मला वाटलं, ते आधीच कुठंतरी तयार होऊन बसलं होतं.

ती वाचली. लोक म्हणाले, देवाची कृपा. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उष्णतेनं मेंदूला मार बसलाय. चालताना तोल जाईल, हात थरथरतील, बोलणं जड होईल. थोडं सुधारेल, कदाचित सुधारणारही नाही. बिल मी भरलं. तिला घरी आणलं. आईच्या खोलीत दुसरी खाट टाकली. चहाचा कप तोंडाशी नेताना अर्धा अंगावर सांडायचा. आई बघत राहायची. म्हणायची, "ए बाय, तू का गं थरथरतीस माज्यावानी?" तिला उत्तर द्यायचं असायचं. जीभ वळेपर्यंत आईचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असायचं.

घरी आल्यानंतरच्या रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. भिंतीला धरून कुणीतरी घासत येत असल्यासारखा आवाज आला. ती दारापाशी पोचली होती. एका हातानं कडी धरून पायानं चपला शोधत होती. दहा वाजत आले होते.

बायको धावली. तिनं आधी चपला उचलल्या, मग तिला धरलं. "नाही जायचं गं आता, नाही जायचं," असं म्हणत ती तिथंच खाली बसली. बाईला काही समजलं नसावं. ती माझ्याकडं बघत होती, मी जा म्हणतो की थांब म्हणतो, यासाठी. मी पेपर खाली ठेवला नव्हता.

पुढं तिचा भाऊ न्यायला आला. काटकुळा, रंगकाम करणारा माणूस, नखांत रंग अडकलेला. तिचा सगळा पगार मी त्याच्याकडं दिला, वरती आणखी दिलं. देताना मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो. तो हात जोडून म्हणाला, "आपने बहुत किया साहब." मग जिन्यात तिला सांभाळून उतरवताना थांबला नि विचारलं, "एक बात समझ में नहीं आई. छुट्टी में जाती कहाँ थी? यहाँ तो इसका कोई था नहीं."

त्या वेळी सांगता आलं असतं. जिन्यात आम्ही तिघंच होतो.

"जान-पहचान हो गई थी," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिला ऐकू सगळं येत होतं, समजत होतं. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत भावानं तिला पुढची पायरी उतरवली.

पहिले काही महिने मी फोन करत होतो. भाऊ म्हणायचा, वैसी ही है. एकदा म्हणाला, बेटी स्कूल छोड़ दी, वही खिलाती है. त्यानंतर मी फोन करायचं कमी केलं. नंतर त्यांच्याकडून उचलणं बंद झालं. नंबर बदलला असेल, असं मी धरून चाललोय. तिकडं जावं, असं ठरवतो आणि राहून जातं. जाऊन काय सांगणार, हा प्रश्न पुढं करून मी दर वेळी सुटतो.

आईला बाई लागतेच. ब्युरोनं दुसरी पाठवली, ओडिशाकडची, कमी बोलणारी. पिशवी कोपऱ्यात ठेवून तिनं सगळं समजून घेतलं. औषधं, आईची कूस बदलायच्या वेळा, गॅसचं बटण. मग अंदाज घेत विचारलं, "इतवार को छुट्टी रहता है ना?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. ती ओट्याकडं वळून भांडी लावत राहिली.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडं सुट्टी नसते."

तिनं मान हलवली आणि झाडू कुठं असतो ते विचारलं.