शेवटच्या बोटीच्या दिवशीचं घड्याळ

साल एकोणीसशे छप्पन्न. मी बावीस वर्षांचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, देवळात देवालाही नाही. मन हलकं व्हावं म्हणूनही सांगत नाही. राग आहे माझा माझ्यावर. मी म्हातारा झालो, राग झाला नाही.

आमच्या वाडीत मनगटावर घड्याळ बांधणारा मी पहिला. मुंबईला गिरणीत असलेल्या दादाने आणलं होतं. चावी कशी द्यायची ते त्याने दाखवलं. काटे कसे वाचायचे तेही दाखवलं — घाईत, एकदाच. "समाजला?" म्हणाला. दुसरी शिकलेला मी, पण ताठा केवढा! म्हटलं, "समाजला."

मग येणारा-जाणारा मला वेळ विचारू लागला. पुढे वाडीत स्टोव्ह आले, ट्रान्झिस्टर आला, तेव्हाही बोलावणं मलाच. घड्याळवाला ना मी!

वहिनी लग्नानंतर तीन वर्षं आमच्याकडेच होती. दादा मुंबईत दहा जणांत झोपायचा, तिला नेणार कुठे? त्या मे महिन्यात पत्र आलं — खोली मिळाली आहे, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने ये, खोली फार दिवस राखता येणार नाही. वहिनीने ट्रंक दोरीने बांधली. बोट मालवण बंदरातून दहाला सुटणार. बंदरापर्यंत खाडीतून साबाजी होडीने नेणार.

सकाळी आभाळ गच्च भरलेलं. बाबांना देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं. "येळ आसा मां?" मी मनगट वर केलं. "मस्त आसा. अजून आठ वाजूक नाय."

खाडीला ओहोटी लागली होती. साबाजी होडीतून ओरडला, "पाणी सुटलां रे! होडी रेतीत टेकतली. बोट काय तुझ्यासाठी रवतली?"

माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. त्याच्या नाकासमोर मी घड्याळ धरलं. "तुका ह्या समाजता? नाय मां? मग गप रव!"

आणि मला समजत होतं? — नव्हतं. लिहितो आता सरळ. मला घड्याळ वाचता येत नव्हतं. वेळ मी सूर्य बघून सांगायचो, घड्याळ नुसतं दाखवायचो. त्या दिवशी सूर्यच नव्हता.

खाडीच्या तोंडाशी होडी खरंच टेकली. उतरून ढकलली. बंदर दिसलं तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, तो धूर कसलो?"

बोटीचा होता. बोट गेली होती.

मी काय केलं? घरी येऊन सांगितलं — साबाजीने होडी रेतीत घातली. आम्ही वेळेत निघालो होतो. लोकांनी पटकन मानलं. घड्याळापुढे भरती-ओहोटीचं कोण ऐकतो?

एस.टी.ने कोल्हापूरला, तिथून रेल्वेने जाता आलं असतं. सोबत म्हणून मला विचारलं. मी नाही म्हटलं. स्टेशनावर घड्याळं, गाड्यांच्या वेळा — कोणी विचारलं असतं तर? खोली दुसऱ्याने घेतली. वहिनी आणखी नऊ वर्षं आमच्या चुलीपुढे बसली. साबाजीच्या होडीत वाडीतलं कोणी परत बसलं नाही.

हे सगळं अडवता आलं असतं मला. दुसऱ्याच सकाळी. साबाजी आपणहून अंगणात आला होता. "काकानू, लोक माका नावां ठेवतत. तुमच्या झिलाक इचारा, उशीर कोणी केल्यान? येका घड्याळ कळता तरी काय?"

बाबा वळले. "सांग रे, किती वाजले?"

वहिनी ओट्यावर ट्रंकेची दोरी सोडत होती. तिचे हात थांबले.

आभाळ निवळलं होतं. माडाची सावली तुळशीपाशी आली होती. मी आधी सावली पाहिली, मग मनगट वर केलं आणि म्हटलं, "साडेआठ."

बाबांनी साबाजीला अंगणातून हाकललं. मी घड्याळाला चावी दिली.