साक्रीची माफी

धुळ्यात आमच्या वसाहतीत बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर आमचं एकच. त्यामुळे आमचे सण शेजाऱ्यांनाच जास्त पाठ. दारफाळणीच्या सणाला आम्ही दारं लावून दिवसभर निर्जळी उपास आणि प्रार्थना करतो, तेव्हा भाजीवालासुद्धा आमच्या फाटकाशी ओरडत नाही. त्या दिवशी देव वर्षाच्या चुका माफ करतो, पण फक्त त्याच्याशी केलेल्या. माणसाला दुखावलं असेल तर आधी त्या माणसाकडे जायचं. देव त्यात पडत नाही.

यंदा त्यामुळे वडिलांची पंचाईत झाली होती. शेजारचे आबा त्यांचे जिवलग मित्र. हिवाळ्यात आबांनी साक्रीच्या आपल्या नव्या व्याह्यांना, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांना, शेतात भरीत खायला बोलावलं होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि वडिलांची जीभ सुटली, "आबा, वांगी बाजारातली दिसतात!" व्याही पोट धरून हसले. आबा हसले नाहीत. आपल्या शेतातल्या मालावर त्यांचा भारी जीव. तेव्हापासून त्यांचं आमच्याकडे चहाला येणं बंद झालं, आणि वडील रोज संध्याकाळी उगाच फाटकापर्यंत फेऱ्या मारू लागले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

नव्याचा सण, म्हणजे आमचा वर्षाचा पहिला दिवस, झाला तसे वडील माफी मागायला निघाले. पहिल्यांदा कुंपणावरूनच म्हणाले, "काही चुकलं असेल तर माफ करा." आबांनी पाण्याची नळी दुसऱ्या झाडाकडे वळवली. पुढच्या खेपेला आईनं केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा नेला. हलवा आत गेला, वडील बाहेर राहिले. तिसऱ्या खेपेला, उपास सुरू व्हायच्या थोडं आधी, आबा एवढंच म्हणाले, "नई."

वडील शीळ घालत घरी आले. "तीनदा मागायची असते. समोरच्यानं नाही दिली तर आपण सुटलो."

"देवाकडे सुटलात," उपासाच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत आई म्हणाली. "राहायचं आबांच्या शेजारी आहे."

एरवी उपासाच्या दुपारी वडील प्रार्थनेचं पुस्तक छातीवर ठेवून मस्त घोरतात. यंदा त्यांचा डोळा लागला नाही.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात भेटीगाठी असतात. वडिलांनी सकाळीच साक्रीची एसटी गाठली, आणि धीराला मला सोबत घेतलं. व्याह्यांच्या ओट्यावर माणसं बसली होती. वडील उभ्याउभ्याच बोलले, "त्या दिवशीची वांगी आबांच्याच शेतातली होती. त्यांच्यासोबत मीच ती खुडली होती. तुम्ही हसावं म्हणून खोटं बोललो." त्यांचे कान लाल झाले होते. माझ्या बडबड्या बापाचा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी परत आलो तर आबा आमच्या व्हरांड्यात बसलेले. व्याह्यांचा फोन आला असणार.

"साक्रीले गया व्हता?"

"गेलो होतो."

"बठ्ठासमोर सांगं?"

"सगळ्यांसमोर," वडील म्हणाले.

"मी तुले तीन डाव परत धाडं," आबा म्हणाले. "आते मी कोनता दिन उपास धरू?"