'त्रोटक' म्हणजे तोतरा नव्हे!

माझा भाचा निलेश जन्मला तेव्हा एकदाच रडला आणि गप्प झाला. पुढेही त्याने तेच धोरण ठेवलं. आगरदांड्याच्या जेटीवर तो फेरीबोटीत गाड्या लावून घेतो. तिथे "मागे", "अजून", "बस" एवढ्यावर भागतं. लग्न जमवायला भागत नाही! दोन मुलींनी त्याचं गप्प बसणं म्हणजे नकार समजून आधीच नकार कळवला. माझ्या ताईची, म्हणजे त्याच्या आईची, झोप उडाली.

म्हणून किहीमचं, समुद्रकाठी पर्यटकांसाठी कॉटेज चालवणाऱ्यांचं स्थळ आलं तेव्हा मी मध्ये पडले. (मी म्हसळ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. मध्ये पडायची सवय जात नाही.) आधीच कल्पना दिलेली बरी, म्हणून मुलीच्या आईला फोन केला.

"मुलगा गुणी आहे हो, फक्त जरा त्रोटक बोलतो."

'कमी बोलतो' म्हटलं असतं तर माझी जीभ झिजली असती? फोनमध्ये खरखर झाली. मग पलीकडून आवाज आला, "चालंल हो बाई. देवाची करणी, त्याला कोण काय करणार!"

मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी ताईकडे मंडळी आली. मुलगी प्रज्ञा, तिची आई आणि मामा. मामांनी बसल्या बसल्या निलेशच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "ना... व... का... य... तु... झं?"

"निलेश."

"वा वा!" मामांनी टाळी वाजवली. "एका दमात बोलला की!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. तेवढ्यात प्रज्ञाच्या आईने पिशवीतून एक पुडी काढली.

"वेखंड हाय. मधात उगाळून रोज जिभेला लावा. आमच्या शेजारचा पोरगा असाच तोतरा होता, आता भजन म्हणतो!"

"तोतरा?" ताई ओरडली. "कोण तोतरा?"

"तुमच्या बहिणीनंच सांगितलं की फोनवर!"

अशा वेळी शहाण्या माणसाने माफी मागावी. मी व्युत्पत्ती सांगितली!

"अहो, तोतरा नव्हे, त्रोटक! संस्कृत 'त्रुट्' धातू. त्रुट् म्हणजे तुटणे..."

"तुटणे?" मामा ताडकन उठले. "शुभकार्यात तुटणे?"

"तसं नव्हे हो! तुटक, म्हणजे थोडक्यात. 'त्रुटी' हा शब्दसुद्धा त्याच धातूपासून..."

"त्रुटी!" प्रज्ञाच्या आईने पुडी परत पिशवीत टाकली. "म्हंजे पोरात दुसरीच कायतरी खोट हाय तर!"

ताई मटकन खाली बसली. "मेले, तू गप बस गं! पोराचं लग्न मोडतेस आणि वर धातू सांगतेस!"

मामा चपला शोधायला लागले. मी आणखी एक धातू सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात प्रज्ञाने वळून थेट निलेशलाच विचारलं.

"तुम्ही तोतरे आहात?"

"नाही."

"काही खोट?"

"नाही."

"मी पसंत आहे?"

निलेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हो," तो म्हणाला. मग थांबून, स्वतःच्या मनाने, आणखी दोन शब्द बोलला, "पोहे घ्या."

प्रज्ञा हसली. "मामा, बसा हो! आपल्या कॉटेजवरचे पाहुणे दिवसभर बोलून माझं डोकं खातात. घरी असाच माणूस हवा."

मामा बसले. ताईने डोळे पुसले. मी पाणी प्यायले.

साखरपुड्यात चार शब्द बोलायचा मान खरं तर माझा होता. मी तासाभराचं भाषण तयारही ठेवलं होतं. पण ताईने ऐन वेळी माइक काढून निलेशच्या हातात दिला. तो म्हणाला, "आलात. बरं वाटलं. जेवा."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढ्या टाळ्या एकदाच मिळाल्या, निरोप समारंभात, 'आता मी थांबते' म्हटल्यावर!