चाव्या कोणाकडे

मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, या शिकवणीपायी मी एकदा भलताच गाढवपणा केला. सोयाबीनच्या पोत्यांचा धुळकट वास आला की तो अजून आठवतो. पन्नाशीत शाळेची नोकरी सोडून मी क्लाउड सॉफ्टवेअर सांभाळायचं शिकले होते. प्रमाणपत्र होतं, अनुभव शून्य. म्हणून नळदुर्गजवळच्या एका शेतकरी कंपनीत फुकट काम धरलं. जमलं तर तिथंच नोकरी मिळणार होती. सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय करता येईल, ते मी ठरवायचं. अध्यक्ष सत्तरीचे, सगळ्यांचे अण्णा. त्यांना ‘नुसतं बघा’ कसं म्हणायचं? मग मी शहाणीनं लग्नात मानाचे टॉवेल-टोपी द्यावेत तसे वयाप्रमाणं अधिकार वाटले आणि अण्णांना सगळेच दिले. सोयाबीन खरेदीच्या सकाळी बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, आणि अण्णांनी मोबाइलवर बोट फिरवून सगळ्या शेतकऱ्यांची नावं पुसली. “बाई, म्या काय बी केलं न्हाय, आपोआप गेलं!” पुसलेलं आधी सॉफ्टवेअरच्या कचरापेटीत जातं हे शिकलेलं आठवलं. अण्णांचा चहा निवायच्या आत सगळी नावं परत आणली, आणि सर्वांदेखत म्हणाले, “अण्णा, इथून पुढं तुम्ही फक्त बघायचं.” आता ‘आजी, तू नुसतं बघ’ म्हणत नातवंडं माझ्या हातातून फोन काढून घेतात, तेव्हा त्यांना अण्णांचं उत्तर ऐकवते: “मान आमचा ऱ्हाऊ द्या बाई, चाव्या तुमच्यापाशी ठेवा. आन् उद्यापासून फुकट येऊ नका, पगारावर या.”