शेजाऱ्याच्या मुलाचा खांदा

अमेरिकेत ट्रॉय गावातल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घराशेजारी एक माणूस आपल्या मुलासोबत राहायचा. दोघंच. बायको घटस्फोट घेऊन दुसऱ्या राज्यात गेली होती. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्समध्ये होता, पण आमच्या रस्त्यावर सगळे त्याला ओळखायचे ते कॉलेजच्या टीमचा जुना क्वार्टरबॅक म्हणून. इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्या हातून सुटतो आणि ज्याच्या डोक्याने टीम चालते तो क्वार्टरबॅक, हे मला त्यानेच समजावून सांगितलं. तेही आमच्या दारासमोरचा बर्फ फावड्याने बाजूला करता करता. २००२चा हिवाळा होता. मी नागपूरची, बर्फ पाहिलेला तो रसवंतीत.

नागपुरात मी फिजिओथेरपिस्ट होते. चार वर्षं हाडांच्या हॉस्पिटलात काम केलं होतं. इथे आले नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. दिवस जाता जायचा नाही. त्यामुळे मुलगा गणितात मागे पडतोय असं शेजारी एकदा म्हणाला, तेव्हा मीच म्हटलं, पाठवा माझ्याकडे.

आठवड्यातून दोनदा तो किचनमधल्या टेबलाशी येऊन बसायला लागला. पंधरा वर्षांचा, माझ्याहून फूटभर उंच. "तुला काय म्हणू?" असं त्याने विचारलं, तर मी सांगितलं, आमच्याकडची मुलं मावशी म्हणतात. तो 'मौशी' म्हणायचा. पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढून शेवटी सगळे एकदम खायचा. हळूहळू त्याला गणित जमायला लागलं, आणि इकडे तो हायस्कूलच्या टीमचा क्वार्टरबॅकही झाला. संध्याकाळी बापलेक मागच्या लॉनवर खेळायचे. मुलगा लांबून जोरात फेकायचा आणि बाप चेंडू खालच्या हाताने हळूच परत टाकायचा. मला वाटायचं, मुलाला झेलायला सोपं जावं म्हणून. मी फिजिओ असून मला तसं वाटायचं.

मुलाचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं. आपल्या टीमसाठी मुलं निवडायला कॉलेजांचे कोच मॅच बघायला येणार होते. ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी तो पाणी प्यायला उठला आणि वरच्या फळीवरचा ग्लास त्याने डाव्या हाताने काढला. आधीच्या आठवड्यातही तसंच केलं होतं.

"उजवा हात वर कर," मी म्हटलं.

"ठीक आहे मौशी, काही नाही."

"कर."

मी त्याला खुर्चीत बसवलं, हात बाजूला खांद्याइतका उचलून कोपरात वाकवला आणि अगदी हलकेच मागे नेला. त्याने चटकन दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा भीती जास्त होती, हात आता निखळेल अशी. असे चेहरे मी ओपीडीत पाहिले होते. खांदा सैल झाला होता.

"किती दिवस झाले?"

"ऑगस्टपासून."

"हे डॉक्टरला दाखवायला पाहिजे. या आठवड्यात. आणि तोवर खेळायचं नाही."

"तीनच मॅच उरल्यात," तो म्हणाला. "डॅडला सांगू नकोस. त्याला किती वाटतंय ते तुला माहीत नाही. प्लीज, मौशी."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं.

"अगं, तुझ्याकडे इथलं लायसन्स आहे का?" तो म्हणाला. "उद्या काही झालं तर म्हणतील, हिने ट्रीट केलं. ग्रीन कार्डची फाइल मध्येच लटकलीये. आपण कशाला पडायचं यार त्यांच्या घरच्या मॅटरमध्ये?"

त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेजाऱ्याकडे गेले. सांगायचं असं ठरवूनच गेले होते. त्याने हसत दार उघडलं आणि कुठल्याशा कॉलेजच्या कोचचं पत्र माझ्या हातात दिलं. मुलाचा खेळ बघायला ते शुक्रवारी येणार होते. "मी त्याच्या वयाचा असताना मला कुणी असं पत्र पाठवलं नव्हतं," तो म्हणाला. मी पत्र वाचलं, अभिनंदन केलं आणि घरी परत आले. मनाशी म्हटलं, हा काही ऐकणाऱ्यातला नाही. याला आपलं राहिलेलं सगळं पोराकडून करून घ्यायचंय.

शुक्रवारच्या मॅचला मीही गेले होते. चारपैकी दुसऱ्या क्वार्टरमध्ये मुलाने फेकायला हात मागे नेला आणि त्याच क्षणी समोरच्याने त्या हातावरच झडप घातली. खांदा निखळला. नुसता निखळला असता तर बसवता आला असता. आतली नसही दुखावली. ऑपरेशन झालं, सहा महिने व्यायाम झाले. हात बऱ्यापैकी सुधारला, पण चेंडू फेकण्याइतका कधीच नाही.

ऑपरेशननंतरच्या आठवड्यात शेजारी आमच्याकडे आला. बसला नाही.

"तो सांगतोय, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्ही त्या दिवशी घरी आला होता."

"सांगायलाच आले होते."

त्याने आपला उजवा हात वर उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. "कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी दुखणं दाबायची इंजेक्शनं घेऊन खेळलो," तो म्हणाला. "पोराला कधी सांगितलं नाही. त्याला वाटतं, नोकरी लागली म्हणून मी खेळ सोडला. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी त्याच दिवशी त्याला खेळातून बाहेर बसवलं असतं."

दोन वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर चेंडू खालून टाकत होता. मी त्याच्याविषयी एक मत बनवून टाकलं होतं, आणि ते खरं आहे का हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यातही तो आमच्या दारासमोरचा बर्फ काढत राहिला, डाव्या हातावर सगळा जोर देऊन. मी दार उघडायच्या आत परत गेलेला असायचा. त्याने सरळ भांडून संबंध तोडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मुलगा मात्र गणितासाठी येत राहिला. पुढे गावातल्याच छोट्या कॉलेजात गेला. मला ग्रीन कार्ड मिळालं, मग परीक्षा देऊन इथलं लायसन्सही. २००८मध्ये गाड्यांच्या कंपन्यांत माणसं कमी करायला लागले, त्यात शेजाऱ्याची नोकरी गेली आणि त्याने घर विकून बहिणीकडे ओहायोला जायचं ठरवलं. जायचा दिवस ठरला होता, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा निरोप घ्यायला आला. तेव्हा मी त्याला सांगितलं, की माझं चुकलं. तो लहान होता, मी नव्हते.

"तू सांगितलं असतंस तरी मी लपून खेळलो असतो," तो म्हणाला.

हे खरं होतं की माझ्या समाधानासाठी म्हणाला, ते मी विचारलं नाही. त्याचे वडील बाहेर ट्रकमध्ये खोकी चढवत होते. त्यांच्याशी जाऊन बोलायचं असं मी दिवसभर घोकत होते. संध्याकाळी क्लिनिकमधून परतले, तेव्हा शेजारच्या खिडक्यांना पडदे नव्हते आणि ट्रकही नव्हता. ते एक दिवस आधीच निघाले होते.