माळकरी किडनी

आजारी माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साचतात: बिस्किटांचे पुडे आणि किस्से. पुडे लेकरांनी संपवले. किस्से मात्र वर्षभर वाढतच गेले, कारण माझी किडनी बदलली आणि नवी दिली माझ्या सासूनं!

शोभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, रक्त जुळलं नाही. जुळलं तिच्या आईचं, वारंगा फाट्याजवळ राहणाऱ्या गयामामींचं. पण सासूनं जावयाला किडनी द्यायची तर समितीची परवानगी लागते. समितीच्या साहेबांनी विचारलं, "जावयावर प्रेम आहे का तुमचं?"

मामींनी पदर सारखा केला. "कशाचं प्रेम, सायब? लग्नात अंगठी बारीक दिली म्हून मांडवातच रुसून बसले होते हे! माझ्या लेकीचं कुंकू हाय, म्हून देऊन राहिले."

साहेब हसले आणि म्हणाले, "नातं खरं दिसतंय!" मी खाली मान घालून बसलो होतो.

*

जुन्या किडन्या काढत नाहीत, त्या जागच्या जागी ठेवून तिसरी बसवतात. हे ऐकून कुरुंद्याचा माझा दोस्त माधव हबकलाच. तो हळद पिकवतो, त्यामुळं त्याला सगळं जग विहिरीवरून कळतं.

"म्हंजे दोन जळालेल्या मोटारी हिरीतच ठेवल्या अन् तिसरी सोडली?"

"व्हय."

"वर काढायची मजुरी परवडत न्हवती का डॉक्टरला?"

*

डॉक्टरांनी बजावलं होतं, "पहिलं वर्ष सांभाळा. दुसऱ्याची किडनी शरीर कधीही नाकारू शकतं."

माधव म्हणाला, "सासूची हाय. कुरकुर तर होणारच!"

सगळे खो खो हसले, मीही हसलो. पण प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी माझं ताट तसंच उरायचं. शोभा नुसती ताटाकडं बघत राहायची.

*

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण मामी माझ्याशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. जे असेल ते शोभामार्फत! ऑपरेशननंतर मात्र रोज सकाळी बाळापूरच्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांचा फोन. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून फोन स्पीकरवर.

"जावईबापू, लघवी झाली का?"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी हळूच म्हणायचो, "झाली, मामी."

"मोकळी झाली ना? बराबर!"

पुढं पुढं गिऱ्हाइकंच विचारू लागली, "मामीचा फोन आला का? मंग जमलं!" आणि मगच क्लचवायर मागायची.

*

मामी माळकरी. मी पक्का मटणवाला. डॉक्टर म्हणाले, "चांगलं शिजवलेलं, थोडं चालेल." पण गाव कुठं ऐकतं? माळकरी किडनीला मटण चालतं का, यावर पारावर दोन पार्ट्या पडल्या.

शेवटी माधवनं एका कीर्तनकार महाराजांना फोन लावला. महाराजांनी प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग म्हणाले, "विचार करून सांगतो." तेव्हापासून ते माधवचा फोन उचलत नाहीत!

मी मटण सोडलं. भक्तीनं नव्हे, भीतीनं. मी अंगठीवरून रुसलो होतो. मामींची किडनी मटणावरून रुसली तर?

*

वर्ष पूर्ण झालं. रिपोर्ट एकदम चांगला आला. माधवनं त्याच्या शेतात बोकड कापला. एका बाजूला उकडलेली हळद वाळत पडलेली, दुसऱ्या बाजूला चुलीवर हंडा. तेवढ्यात ऑटोतून शोभा उतरली आणि तिच्यामागं मामी! माधवनं हंड्यावर झाकण टाकलं आणि वर स्वतः उभा राहिला.

मामी लांब लिंबाखाली बसल्या, नाकाला पदर लावून. माझ्या ताटात नुसता वरण-भात पाहून म्हणाल्या, "हे काहून?"

मी चाचरत सांगितलं. "मामी, किडनी तुमची. माळकरी हाय ना ती."

मामींनी विचार केला.

"एक तुमच्याकडं हाय, एक माझ्याकडं. तुमच्याकडची खाऊ द्या. तिच्या वाटची एकादशी माझ्याकडची धरील!"

माधवनं झाकण काढलं. शोभानं स्वतः माझ्या ताटात वाढलं. मला एकदम भरून आलं. वर्षभर अडवून धरलेलं सगळं रडू त्या ताटावर सांडायला लागलं. चार माणसांत बापया माणूस रडतोय, पण मला आवरेना.

मामींनी तोंडावरचा पदर काढला.

"रडू नका, जावईबापू. पाणी डोळ्यावाटं घालवायचं न्हाई. त्याला दुसरी वाट दिलीय मी!"